भावाने न दिलेलं मत

माझा धाकटा भाऊ मतदान करत नाही. ग्रामपंचायत असो, झेडपी असो की लोकसभा, त्या दिवशी तो सकाळपासून आपल्या टपरीवर भजी तळत बसतो आणि शाळेच्या दिशेने फिरकतही नाही. गावात यावरून त्याला कितीतरी बोलणी बसली आहेत. जनजागृती करत फिरणाऱ्या एका साहेबांनी तर त्याला चार लोकांत सुनावलं, ‘तुमच्यासारख्या माणसांमुळेच लोकशाही मरते.’ हे बोलताना साहेब त्याच्याच टपरीतला चहा पीत होते. मी तिथे असते तर त्यांच्या हातातून कप काढून घेतला असता. मी नव्हते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मत न देणं ही आमच्या घरची रीत नव्हे. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. माझं सासर आणि माहेर दोन्ही तिथेच, मधे एक आंब्याचं झाड. आजोबांनी छप्पन सालानंतर धर्म बदलला, घरातले जुने देव ओढ्यात सोडले, आणि पुढे आयुष्यभर दोनच गोष्टी चुकवल्या नाहीत. एक बुद्धवंदना आणि दुसरं मत. मतदानाच्या दिवशी वाडीत चुली लवकर पेटत. म्हाताऱ्या धुवट लुगडी नेसत. मत देऊन परतलेला माणूस वाडीच्या तोंडाशी थांबून डाव्या हाताचं बोट वर करायचा, शाई दाखवायचा, आणि तिथे बसलेले लोक ‘आला रे आला’ करायचे. कुणाला दिलं ते विचारायचं नाही, नवऱ्याने बायकोलाही नाही. शाई मात्र दाखवायचीच. कुणी हात पदराखाली नाहीतर खिशात घातला, की हा मत न देताच आला असं धरून लोक त्याच्यावर झडप घालत, हात ओढून बाहेर काढत, आणि शाई दिसली की तोच हात धरून उंच करत. आई तर त्या बोटाला राख लागू नये म्हणून पुढे कित्येक दिवस भांडी एका हाताने घासायची. या हात ओढण्यात माझा भाऊ सगळ्यांच्या पुढे. एकदा त्याने सख्ख्या मामाला शेणाच्या खड्ड्यात लोळवलं होतं, आणि मामाच्या बोटाला शाई निघाली तेव्हा त्यालाच खांद्यावर घेऊन वाडीभर नाचला होता.

मी स्वतः नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ग्रामपंचायतीत निवडून गेले. बायकांसाठी राखीव जागा, त्यातही आमच्या समाजाची. वाडीत दहावीपर्यंत शिकलेली बाई मीच, म्हणून माझ्या गळ्यात पडली. ग्रामसभा तेव्हा देवळाच्या मंडपात भरायची आणि मी बाहेरच्या पायरीवर बसायची. ‘वर या’ असं कुणी म्हणालं नाही, आणि देवळात जायची मला हौसही नव्हती. सभा शाळेत भरवा, शाळा सगळ्यांची आहे, एवढंच माझं म्हणणं होतं. ते कुणी ऐकून घेईना, म्हणून मी तालुक्याला जाऊन तक्रार केली. तेव्हा मला वाटायचं, वरून कुणीतरी येऊन दम दिला की माणसं सुधारतात.

आले. पुढच्या सभेला बंदोबस्त आला. एक साहेब आणि बंदुका घेतलेले शिपाई शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले. त्या दिवशी आमचं गाव इतकं शहाण्यासारखं वागलं की मला हसू आवरेना. यापुढे सभा शाळेतच, असा ठराव मांडला गेला आणि सगळ्यांनी हात वर केले. ज्यांनी जन्मात आमच्या वाडीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं त्यांनी सगळ्यांत आधी केले. साहेब खूश होऊन गेले. पुढची सभा शाळेत बोलावली, तेव्हा मी, ग्रामसेवक आणि व्हरांड्यात कायम झोपणारं कुत्रं, एवढेच हजर होतो. गाव देवळात बसलं होतं. त्या एकमताच्या ठरावाइतका खोटा ठराव आमच्या पंचायतीत पुन्हा झाला नाही.

शाळेत सभा खरी भरली ती पुढे काही पावसाळे गेल्यावर, आणि ती चिखलामुळे. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या भातखाचरांकडे जाणारी वाट दर वर्षी वाहून जायची. तिथे पाणी जायला मोरी टाकायची, खडी घालायची, तर वाट आमच्या वाडीच्या जागेतून जात होती आणि वाडीचा होकार हवा होता. आम्हाला विहिरीवर जायलाही तीच वाट. म्हातारा माझ्याकडे यायला लागला. दारात उभा राहूनच बोलायचा, दिलेलं पाणी प्यायचा नाही. मी म्हटलं, ‘बाबा, हे असं दारात उभं राहून ठरत नाय. सभेत मांडा. शाळेत या, आमी बी येतो.’ तो गेला तणतणत. पण लावणी तोंडावर आली होती. तो आला, त्याच्यामागे त्याची भावकी आली, आणि शाळेच्या त्या वर्गात इतकी भांडणं झाली की मास्तरांनी भिंतीवरचे तक्ते काढून आत ठेवले. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मीही कुणाची भीड राखली नाही. शेवटी वाट झाली. पुढच्या सभेलाही ती माणसं शाळेतच आली, कारण आता मोरी कुणी फोडली यावर भांडायचं होतं. म्हाताऱ्याचं माझ्यावाचून अडलं होतं आणि माझं त्याच्यावाचून. पंचायतीतल्या इतक्या वर्षांत लोकशाहीबद्दल मला जे कळलं ते एवढंच.

माझा भाऊ त्या काळात टोकावड्याजवळ एका ढाब्यावर स्वयंपाकी होता. माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या आणि लोक परत जाताना त्याच्या हाताच्या चवीचं कौतुक करून जायचे. दोन हजार तीन साली, उन्हाळ्यात, इराकमध्ये अमेरिकेचे रणगाडे शिरले ते आम्ही आईच्या घरी टीव्हीवर एकत्र पाहिलं. भाऊ जेवता जेवता म्हणाला, ‘बरा झाला. हुकूमशहा गेला तो. आता तिकडं बी लोकांना मत मिळल.’ त्याला मनापासून आनंद झाला होता. मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू. छळणारा गेला की छळ संपतो, असं आम्हाला दोघांनाही वाटलं.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याला एक एजंट भेटला. कुवेतमध्ये मोठ्या हॉटेलात काम, राहणं-खाणं त्यांचं. भाऊ गेला. कुवेतमध्ये त्याचा पासपोर्ट काढून घेतला गेला, बसमध्ये घातलं गेलं, आणि बस जिथे थांबली तो इराकमधला अमेरिकन फौजेचा तळ होता. हॉटेल कसलं नि काय. हजारो शिपायांचं जेवण रांधायची एक प्रचंड खानावळ, भोवती मातीच्या गोण्यांच्या भिंती. त्याच्याबरोबर केरळचे, नेपाळचे, असेच फसवून आणलेले कितीतरी. मला आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. एका देशाला स्वातंत्र्य द्यायला निघालेल्या फौजेचा भात शिजवायला माझ्या भावाला फसवून न्यावं लागलं. त्याला कुणी विचारलं नाही, येतोस का. दुसऱ्यांना ‘तुमचं मत काय’ विचारायला निघालेल्यांच्या स्वयंपाकघरातच कुणाचं मत कुणी विचारत नव्हतं.

आम्हाला तो कुवेतमध्येच आहे असं वाटत होतं. आटगाव स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर ठरलेल्या वेळी आई आणि मी जाऊन बसायचो, त्याचा फोन यायचा. एकदा बोलता बोलता मागे दणका झाला. आईने विचारलं, काय पडलं रे? तो म्हणाला, सिलेंडर. नंतर पुन्हा एकदा दणका झाला, पुन्हा सिलेंडर. मग टीव्हीवर कुवेतहून इराकमध्ये गेलेल्या आणि तिथे पकडून ठेवलेल्या ड्रायव्हरांच्या बातम्या यायला लागल्या, आणि पुढच्या फोनला मी आईला बूथच्या बाहेर उभं करून त्याला सरळ विचारलं, तू इराकमध्ये आहेस का.  तो म्हणाला, ‘आयेला नको सांगू गो.’ मी नाही सांगितलं. पुढे दीड पावसाळा आई शेजारणींना कुवेतच्या गप्पा सांगत होती आणि मी शेजारी बसून मान डोलावत होते.

दोन हजार पाचच्या जानेवारीत तिथे निवडणूक झाली. लोकांनी शाईची बोटं वर केलेले फोटो आमच्याकडच्या पेपरातही आले. त्यानंतर काही महिन्यांनी भाऊ परत आला. वाळला होता, पण धड होता. आईने त्याच्या अंगावरून हात फिरवून फिरवून खात्री करून घेतली. कुठे होता ते मग सगळ्यांनाच कळलं, आणि एका रात्रीत तो तालुक्यात मोठा माणूस झाला.

पुढच्या प्रजासत्ताकदिनाला शहापूरच्या एका मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि ‘लोकशाहीचा प्रवास’ या विषयावर व्याख्यान. वक्ते बँकेतले मोठे अधिकारी, रोज मुंबईला जाणारे, वाचलेले-बिचलेले. मी माजी सदस्य म्हणून पहिल्या रांगेत. वक्त्यांनी इराकमधल्या शाईच्या बोटांचं पेपरातलं कात्रण मोठं करून आणलं होतं. ते उंच धरून म्हणाले, ‘काही ठिकाणी लोकशाही आतून उगवत नाही, बाहेरून न्यावी लागते. वेळप्रसंगी बंदूक घेऊन.’ मग माझ्याकडे हात करून म्हणाले, ‘यांच्या गावात पोलीस गेले नसते, तर या ताई आज पहिल्या रांगेत बसल्या असत्या का?’

टाळ्या पडल्या. मी उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात स्टेजवर माझा भाऊ उठला. त्याने अंगावरची शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेला. लोकांना वाटलं पोट बिघडलं. मला तो चेहरा माहीत होता, म्हणून मीही उठले. वक्त्यांना द्यायचं उत्तर राहून गेलं, ते आता देते.

साहेब, आमच्या गावात पोलीस आले ते मी बोलावले म्हणून आले. ते माझ्याच देशाचे पोलीस होते. ज्या राज्यघटनेच्या जोरावर ते आले ती आमच्याच माणसाच्या हातची होती. ते चुकले असते तर त्यांच्या साहेबाला, साहेबाच्या मंत्र्याला आम्ही जाब विचारू शकत होतो, पुढच्या मतदानात पाडू शकत होतो. इराकच्या बाईने अमेरिकेच्या सेनापतीला कुठल्या वॉर्डात पाडायचं? आणि एवढं सगळं आपलं असूनसुद्धा, पोलीस व्हरांड्यात बसले त्या दिवशी आमच्या गावात फक्त हात वर झाले. मनं जिथल्या तिथेच राहिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी पहिल्या रांगेत बसले ती त्या बंदुकांमुळे नाही. मी बसले ती पायरीवर बसून बसून, आणि त्या म्हाताऱ्याची वाट वाहून गेली म्हणून. तुमच्या रणगाड्याचं कुणावाचून काय अडतं? ज्याचं कुणावाचून अडत नाही, तो दुसऱ्याचं ऐकून कशाला घेईल?

भाऊ एसटी स्टँडवर सिमेंटच्या बाकावर बसला होता. मुरबाडची गाडी लागायची होती. मी शेजारी बसले. त्याने मला विचारलं, ‘तुला ठावं हाय, ती शाई तिकडं कशी लावतात?’ मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, ‘बोट बुडवतात. अख्खं बोट.’ आणि मग त्याने सांगायला सुरुवात केली.

तळावरच्या खानावळीत कचरा उचलायला आणि मोठी पातेली घासायला तिथलीच काही माणसं यायची. रोज सकाळी गेटवर त्यांचे कपडे काढून झडती व्हायची आणि दिवसभर एक शिपाई बंदूक घेऊन त्यांच्यामागे उभा असायचा. पातेलं घासणाऱ्या माणसावर बंदूक. त्यांच्यात एक पन्नाशीचा माणूस होता. लढाईआधी कालव्याच्या खात्यात कामाला होता, हाताखाली माणसं होती म्हणे. ते खातंच राहिलं नाही. भाऊ त्याला चाचा म्हणायचा. भाषा एकमेकांना येत नव्हती, पण चाचा येताना खिशातून खजूर आणायचा आणि भाऊ त्याला कोपऱ्यात चहा करून द्यायचा. साखर किती, हे बोटांनी सांगायचा.

मतदानाच्या आधी भाऊ खुशीत होता. तळावर सगळीकडे तीच चर्चा. आपण फसून आलो खरं, पण या लोकांचं पहिलं मतदान बघायला आलो, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्या दिवसांत बाहेर गाड्या बंद होत्या, म्हणून बाहेरचे कामगार आले नाहीत. मग काही दिवसांनी आले. चाचाच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

पुढचं मला त्याने सांगायच्या आधीच कळलं. तो आमच्या वाडीचा पोरगा. बोट झाकलेला माणूस त्याच्या लेखी एकच.

‘मी म्हनलो, चाचा, मत देला नाय ना? शरमतोस व्हय?’ भाऊ म्हणाला. ‘तो हात मागं घेत व्हता. मला वाटला चेष्टाच चालली हाय. मी हात धरला न चिंधी ओढून काढली. बोट जांभळा. मला काय आनंद झाला गो ताय. मी तो हात धरला न वर केला, आपल्या वाडीत करतो तसा. मोठ्यानं ओरडलो बी. सगली खानावल बघाया लागली. शिपाय टाल्या वाजवाया लागले.’

चाचामागे उभा असलेला शिपाई पुढे आला आणि त्याने कॅमेरा काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो खानावळीच्या दारातल्या बोर्डावर लागला. बाहेरून येणारा प्रत्येक कामगार त्या दारातून जायचा. चाचाबरोबर येणाऱ्यांपैकी एकाने भावाला बाजूला घेऊन हातवाऱ्यांनी सांगितलं. तळावर काम करतो हे चाचाने वस्तीत लपवलेलं होतं. मत देणाऱ्याला मारू, अशा धमक्या फौजेविरुद्ध लढणाऱ्यांनी भिंतीभिंतीवर लिहिलेल्या होत्या. तरी तो पायी जाऊन मत देऊन आला होता, आणि घरी आल्यावर शाई जाईना म्हणून बोट चुन्यात घासलं होतं. कातडं निघालं, शाई नाही. तळावर काम करणारा आणि मत दिलेला, दोन्ही गोष्टी एका फोटोत आल्या होत्या, आणि तो बघणाऱ्यांतला कुणीही बाहेर जाऊन बोलू शकत होता.

भाऊ सुपरवायझरकडे गेला, फोटो काढा म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, तो फौजेचा बोर्ड आहे. मग तो धीर करून एका अधिकाऱ्याकडे गेला, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, असे फोटो बघून लोकांना उमेद येते. फोटो राहिला. पुढच्या आठवड्यात चाचा आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. पळून गेला, लपला, मारला गेला, कुणी सांगेना. भावाने विचारलं तर शिपाई म्हणाला, दुसरा माणूस मिळेल. मिळाला. बाकीचे तिथले कामगार मात्र त्यानंतर भावाच्या जवळ उभे राहीनात. चहा दिला तर घेईनात.

‘त्याचा नाव बी मला ठावं नाय,’ भाऊ म्हणाला. मुरबाडची गाडी लागली, भरली, सुटली. आम्ही तिथेच बसून होतो.

मला रडू आलं नाही, राग आला. भावाचा नाही. त्याने जे केलं ते प्रेमाने केलं, आणि आमच्या वाडीत ते बरोबरच होतं, कारण आमच्या वाडीत शाई दाखवणाऱ्याला कुणी मारत नाही. ती निर्भय जागा व्हायला आमच्या किती म्हाताऱ्यांनी किती वर्षं अपमान गिळले, ते मला माहीत आहे. मला राग आला तो त्या लोकांचा, ज्यांनी एका पेटलेल्या देशात मतपेट्या ठेवल्या, शाई आणली, कॅमेरे आणले आणि ती निर्भय जागा आणायची तेवढी राहू दिली. माणसाने जिवावर उदार होऊन मत दिलं, आणि त्यांनी ते आपल्या दारात टांगलं. कारण त्यांना मतापेक्षा मताचा फोटो हवा होता. त्या फोटोवर त्यांच्या देशात त्यांची मतं ठरणार होती. आणि इकडे शहापूरच्या हॉलमध्ये आमचे शिकलेले लोक तसलंच कात्रण उंच धरून टाळ्या घेत होते.

त्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि मी पुन्हा उभी राहिले. या वेळी जागा राखीव नव्हती. वरच्या आळीने निरोप पाठवला, कशाला उगाच, बिनविरोध होऊ द्या. मी म्हटलं, होऊ देणार नाही. भाऊ माझ्यासाठी वणवण फिरला. कार्यकर्त्यांचं जेवण त्याने रांधलं, बाया-माणसांशी बोलला, आदिवासी पाड्यावर जाऊन माझं चिन्ह समजावून आला. त्याच्या चेहऱ्यावर परत आल्यापासून पहिल्यांदा तजेला दिसला. मला वाटलं, चला, याचं मन वर आलं. मी निवडून यावं यापेक्षाही तो शाळेत येऊन मत देतो की नाही, याकडेच माझं लक्ष लागलं होतं.

आला. रांगेत उभा राहिला. मी शाळेच्या आवाराबाहेर आमच्या टेबलाशी होते, तिथून खिडकीतलं दिसत होतं. यादीतलं नाव झालं. शाई लावायला एक कोवळी मास्तरीण होती. तिने रीतीप्रमाणे त्याचं मनगट धरलं आणि बोट पुढे ओढलं. भावाने हात सोडवून घेतला. ती काहीतरी बोलली, बहुधा ‘घाबरू नका’ म्हणाली असेल. तो तिच्याकडे बघत दोन पावलं मागे सरकला आणि रांग मोडून बाहेर पडला. माझ्या टेबलासमोरून गेला तेव्हा मान खाली होती.

मी पडले. त्याच्या एका मताने वगैरे नव्हे, चांगली सपाटून पडले. तरी लोक म्हणायचे ते म्हणालेच, सख्ख्या भावाने दिलं नाही तर गाव कशाला देईल. मला पडल्याचं काही वाटलं नाही. पाच वर्षांनी पुन्हा उभं राहता येतं. पण माझ्या घरातलं एक मत गेलं, आणि ते आमच्या विरोधकांनी नाही घालवलं. हजारो मैलांवर, दुसऱ्यांना मताचा हक्क द्यायला गेलेल्यांनी घालवलं.

मी त्याला काही दिवस काही बोलले नाही. मग एका दुपारी टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा गेले. म्हटलं, ‘अरे, इथं तुझा हात कोण वर करणार हाय? लाव शाई, टाक मत, ये घरी. बोट खिशात ठेव. मी सांगते सगल्यांना, कोणी ओढणार नाय.’

तो कांदा चिरत होता. थांबला नाही.

‘शाईचा नाय गो काय.’

‘मग?’

‘तुला वाटतंय, त्याला मारला आसल म्हनून मला वाईट वाटतं. ते तर वाटतंच. पन ते मी बघला नाय. बघला ते येगळाच, न त्या मास्तरनीनं मनगट धरला तवा तेच पुन्यांदा दिसला.’ त्याने सुरी खाली ठेवली. ‘त्या शिपायानं बंदूक पाठीला टाकली, कॅमेरा काढला न आमाला म्हनला, स्माइल. चाचाचा हात माज्या हातात व्हता. तो खाली ओढत व्हता. मला तवा बी कललं नाय. मी बघला त्याच्या तोंडाकडं. तर तो हासला, ताय. पुरा दात दाखवून हासला. मंग मी बी हासलो.’

 तो पुन्हा कांदा चिरायला लागला.

तो फोटो अजून कुणाकडे तरी असणार. तिकडच्या एखाद्या शिपायाच्या घरी, नाहीतर कुठल्या पुस्तकात. त्यात माझा भाऊ आहे आणि चाचा आहे, आणि बघणाऱ्याला वाटत असेल, काय खूश आहेत ही माणसं.